डेव्हन बेटावर कुणी का राहत नाही? थंडी हे अर्धंच उत्तर आहे

प्रश्न थोडक्यात असा आलाय की कॅनडाच्या उत्तरेचं डेव्हन बेट हे जगातलं सगळ्यात मोठं निर्मनुष्य बेट, मग एवढ्या जागेत एक गावसुद्धा का नाही, फक्त थंडीमुळे का, तिथली जमीन आणि हवामान नेमकं कसं आहे, आणि पुढेमागे तापमान वाढलं तर लोक राहायला जातील का.

मी पर्माफ्रॉस्टवर काम करतो, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीवर. जिऑलॉजी पुण्यात शिकलो, पुढे कॅनडात आलो आणि या बेटावर सात उन्हाळे तंबूत काढले. हिवाळ्यात एकदाही राहिलेलो नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण जुलैत तीन आठवडे जाऊन आलेली मंडळी उणे पन्नासच्या गोष्टी रंगवून सांगतात त्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

आधी आकार. क्षेत्रफळ ५५,२४७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अख्खा हिमाचल प्रदेश, किंवा आपला नाशिक विभाग, नाशिक-नगर-धुळे-जळगाव-नंदुरबार सगळं मिळून जेवढं होतं साधारण तेवढं. जागा कॅनडाच्या नुनावूत या उत्तरेकडच्या प्रदेशात, साधारण ७५ अंश उत्तर. दक्षिणेला लँकेस्टर साउंड ही रुंद सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे बॅफिन बेट, उत्तरेला जोन्स साउंड आणि पलीकडे एल्समेअर, पश्चिमेला वेलिंग्टन चॅनल ओलांडला की कॉर्नवॉलिस बेट, पूर्वेला मोकळा बॅफिनचा उपसागर. डेव्हन हे नाव इंग्लंडमधल्या परगण्यावरून, ब्रिटिश दर्यावर्दी पॅरीच्या १८१९-२० च्या मोहिमेतलं. इनुइट, म्हणजे इथल्या मूळ लोकांचं नाव तल्लुरुतित, आणि ते मला जास्त आवडतं कारण त्याचा अर्थ बाईच्या हनुवटीवरचं गोंदण. लँकेस्टर साउंडमधून बघितलं की दक्षिण किनाऱ्याचे कडे सरळ समुद्रातून उभे राहिलेले दिसतात आणि त्यांच्यावर वरून खाली घळींच्या रेघा, खरंच कुणीतरी सुईनं ओढल्यासारख्या. नाव ठेवणाऱ्यानं नक्कीच समुद्रावरून ठेवलंय, आणि हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थंडीचं. "थंडीमुळे कुणी राहत नाही" हे उत्तर एका मिनिटात मोडता येतं. पश्चिमेला कॉर्नवॉलिसवर रेझोल्यूट नावाचं गाव आहे, दोनशेच्या आत वस्ती, शाळा आहे, दुकान आहे, विमानतळ आहे. वार्षिक सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास, फेब्रुवारीची सरासरी उणे ३० च्या खाली, आणि उणे ५२.२ अशी नोंद झालेली आहे. उत्तरेला एल्समेअरवर ग्रीस फियर्ड आहे, ते तर डेव्हनच्याही वर आणि रेझोल्यूटपेक्षाही लहान. म्हणजे डेव्हनच्या दोन बाजूंना माणसं राहतात, तेवढ्याच थंडीत, आणि मधलं हिमाचलएवढं बेट रिकामं. तेव्हा थंडी आहेच, पण तिच्यावर सगळं ढकलून चालणार नाही.

तरी हवामान नीट समजून घेऊ, कारण त्यातली एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. बेट म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं, समुद्र जवळ म्हणून हिवाळा उबदार आणि उन्हाळा सौम्य. डेव्हनला समुद्र अर्धंच काम करतो आणि तेही नको ते. ऑक्टोबरमध्ये भोवतीचा समुद्र गोठायला लागतो, वरून बर्फ बसतो, आणि पाण्यातली ऊब हवेपर्यंत पोचायचं जवळपास बंद होतं. त्यानंतर डेव्हन बेट राहातच नाही, उत्तर ध्रुवापर्यंत पसरलेल्या एका गोठलेल्या खंडाचा तुकडा होतो, आणि तापमान सायबेरियासारखं खाली जातं. मग जुलैत बर्फ फुटतो तेव्हा हवा तापावी अशी अपेक्षा, तर भोवतीचं पाणी शून्याच्या आसपास, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे, आणि त्यावरून येणारा वारा तुमचा उन्हाळा पाच अंशांवर दाबून धरतो. हिवाळा खंडाचा आणि उन्हाळा समुद्राचा, दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात. उन्हाळ्यात दहा अंशांच्या वर पारा क्वचित जातो, आणि गेला तर कॅम्पवर लोक टी-शर्ट घालून फोटो काढतात.

सूर्याचं गणितही तसंच. साधारण एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत उगवत नाही. पण न मावळणारा सूर्य म्हणजे डोक्यावरचा सूर्य नव्हे. २१ जूनला भर दुपारी तो क्षितिजापासून ३८ अंशांवर असतो. नाशिकला २१ डिसेंबरला दुपारी, म्हणजे आपल्या वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, तो ४६ अंशांवर असतो. म्हणजे तिथली सगळ्यात उंच दुपार आपल्या सगळ्यात बुटक्या दुपारपेक्षाही बुटकी. चोवीस तास चालतो म्हणून बेरीज बरीच होते हे खरं, पण जूनच्या मध्यापर्यंत जमिनीवर बर्फ असतो आणि पांढरा बर्फ आलेल्या उन्हातलं बहुतेक परत पाठवून देतो, म्हणजे ऊन सगळ्यात जास्त असतं नेमकं तेव्हा जमीन ते घेतच नाही. बर्फ गेला की ऊन उतरायला लागलेलं. झाडांना वाढायला मिळतात कसेबसे ४० ते ५५ दिवस. झाडं म्हणजे अर्थात घोट्याच्या वर न जाणारी विलो वगैरे, उगाच जंगल डोळ्यासमोर आणू नका.

आणि पाऊस-बर्फ मिळून आतल्या पठारावर वर्षाला साधारण १५० मिलिमीटरच्याही आत. माण-खटावला आपण दुष्काळी म्हणतो तिथे याच्या तिप्पट पडतो, आणि महाबळेश्वरला जुलैच्या एखाद्या बऱ्या दिवशी जेवढा कोसळतो तेवढा इथे वर्षभरात मिळून. वाळवंटच आहे हे, ध्रुवीय वाळवंट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सामानात चांगले गमबूट घेतले नव्हते, वाळवंटच ना, चिखल कुठून येणार. उतरलो आणि दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत रुतलो. त्याचं कारण खाली आहे. जमीन शेकडो मीटर खोलवर गोठलेली, उन्हाळ्यात वरची फक्त दीड-दोन फूट, फारतर तीन फूट सुटते. बर्फ वितळून जे काय पाणी होतं ते खाली मुरू शकत नाही, कारण खाली गोठलेलं काँक्रीट, आणि हवा इतकी थंड की बाष्पीभवनही फारसं नाही. मग ते पाणी वरच्या मातीत बसून राहतं आणि सगळं थुलथुलीत होतं, सायीखाली दूध हलावं तशी जमीन पायाखाली हलते. पाण्याचं दुर्भिक्ष आणि चिखल एकाच जागी, हे बघितल्याशिवाय पटत नाही. ओढ्यांचंही तसंच, वर्षाचं बहुतेक पाणी जूनअखेर-जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत धो धो वाहून जातं, नंतर त्याच पात्रातून बूट न भिजवता चालत जाता येतं.

लोकांना वाटतं सगळं बेट बर्फाखाली असेल. नाही. बर्फाची मोठी टोपी, डेव्हन आइस कॅप, ती फक्त पूर्वेला, साधारण १४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचा चौथा हिस्सा. तिचा माथा १,९२० मीटरवर, कळसूबाईहून पावणेतीनशे मीटर उंच, आणि बर्फाची जाडी जिथे सगळ्यात जास्त तिथे ८८० मीटरच्या आसपास. पश्चिमेकडचा सगळा भाग उघडाबोडका, तीन-चारशे मीटर उंचीचं सपाट पठार, चुनखडक आणि डोलोमाइटचं, वर फुटक्या दगडांचा खच. अक्षांश एकच, थंडी जवळपास सारखी, मग एकीकडे एवढा बर्फ आणि दुसरीकडे काहीच नाही, असं का? कारण बर्फाची टोपी थंडीनं बनत नाही, पडणाऱ्या बर्फानं बनते. बॅफिनच्या उपसागराच्या उत्तर टोकाला नॉर्थ वॉटर नावाचा भाग आहे जिथे हिवाळ्यातसुद्धा बराच समुद्र उघडा राहतो, तिथली वाफ वाऱ्याबरोबर येते आणि बेटाच्या पूर्वेच्या डोंगरांना अडून तिथेच उतरते. सह्याद्रीचंच गणित, घाटमाथा भिजतो आणि मागे माण कोरडं. पश्चिम पठारावर जो थोडका बर्फ पडतो तो तेवढ्या थंड उन्हाळ्यातही वितळून जातो, शिल्लकच राहत नाही, तर हिमनदी कशाची.

या आइस कॅपवर १९६१ पासून दरवर्षी खांब रोवून मोजमाप होतंय, किती बर्फ आला आणि किती गेला. आर्क्टिकमध्ये एवढा लांब हिशेब फार कमी ठिकाणी आहे. काम दिसायला अगदी बिनडोक आहे, खांबाची बर्फाबाहेर राहिलेली उंची मोजायची आणि वहीत लिहायची, पण साठ वर्षं तीच वही चालू ठेवली की मग कुणाच्या मताला फारशी जागा उरत नाही. १९७० च्या दशकात तिथे २९९ मीटर खोल, थेट खडकापर्यंत ड्रिल करून बर्फाचा गाभा काढला, त्यात अख्खं शेवटचं हिमयुग तळाच्या फक्त काही मीटरमध्ये दाबून बसलेलं निघालं. आणि वरचा हिशेब सांगतो की विसाव्या शतकाच्या शेवटापासून उन्हाळी वितळ वाढली आणि २००५ नंतर फारच वाढली.

आता जमीन. पठारावर चाललात की पहिला तासभर वाटतं इथे काहीही नाही, करड्या रंगाचे हातभर-बोटभर दगड, धार लागलेले, क्षितिजापर्यंत. बुटाचे तळवे एका सीझनमध्ये जातात. नंतर लक्षात येतं की दगड अस्ताव्यस्त नाहीत. मोठे दगड गोल रिंगणात, मध्ये बारीक माती, रिंगणाला लागून दुसरं रिंगण, उतार आला की रिंगणं लांबून पट्टे होतात. नवखा माणूस हमखास विचारतो की हे कुणी रचलं. कुणी नाही, पाणी गोठताना फुगतं आणि सुटताना बसतं, हजारो वर्षं वर-खाली वर-खाली, त्यात बारीक आणि जाड माल वेगळा होतो, सुपात पाखडल्यासारखा.

त्याच हालचालीचा एक फायदा आहे जो मला सगळ्यात जास्त आवडतो. एखादा तळहाताएवढा दगड उचलून उलटा करा. वरची बाजू करडी, कोरडी, मेलेली. खालच्या बाजूला काठापासून एक-दोन सेंटीमीटर आत हिरवी रेघ, अगदी तांब्याच्या भांड्याला कळकट हिरवा रंग चढतो तशी. ते जिवंत आहे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर जगणारे सूक्ष्म जीव, आणि शेवाळ. गरम वाळवंटांमध्ये असे जीव पारदर्शक गारगोटीखाली सापडतात कारण प्रकाश दगडातून जातो, इथला डोलोमाइट तर पार अपारदर्शक. मग उजेड कुठून मिळतो? गोठण्या-सुटण्यात दगड जरासा हलतो, त्याच्या कडेला मातीपासून बारीक फट पडते, त्या फटीतून येतो. वारा लागत नाही, ओल टिकते, उजेड पुरतो. २००४ मध्ये डेव्हन आणि कॉर्नवॉलिसवरचे दगड असे उलटे करून मोजले तेव्हा ९५ टक्क्यांपर्यंत दगडांखाली हे सापडले. म्हणजे ज्याला आपण ओसाड म्हणतो तिथे सगळी हिरवळ दगडाखाली आहे. मी कॅम्पवर नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच दाखवतो, आणि दगड परत तसाच, त्याच खळग्यात ठेवायला लावतो. जो निष्काळजीपणे फेकतो त्याला त्या दिवशी भांडी.

सगळं बेट असंच आहे असंही नाही. ईशान्य किनाऱ्यावर जोन्स साउंडच्या कडेला ट्रूलव्ह लोलँड म्हणून एक सखल भाग आहे, ४३ चौरस किलोमीटरचा. तिथे तळी, गवताळ ओली कुरणं, मस्कऑक्सचे, म्हणजे लांब केसांच्या बैलासारख्या जनावरांचे कळप, पक्षी. कारणं साधी: समुद्रसपाटीला म्हणून थोडं गरम, मागे काळपट खडकाचा कडा जो ऊन धरतो, आणि वितळलेलं पाणी वाहून न जाता तळ्यांत अडून राहतं. पाणी अडतं ते जुन्या किनाऱ्यांमुळे. हिमयुगात या बेटावर प्रचंड बर्फ होता, त्याच्या भारानं जमीन दबलेली, बर्फ गेल्यावर ती हळूहळू वर आली आणि प्रत्येक टप्प्याला एक वाळू-गोट्यांची वरंबी मागे ठेवत गेली. शेतात बांध घातल्यासारखं, बांधामागे पाणी, पाण्यात गवत, गवतावर मस्कऑक्स. १९६० मध्ये तिथे संशोधन केंद्र सुरू झालं, आणि १९७० च्या दशकात आर्क्टिकच्या जीवसृष्टीचा जो सगळ्यात बारकाईचा अभ्यास झाला त्यातला एक इथलाच. त्याच किनाऱ्यावर केप स्पार्बोजवळ अमेरिकन शोधप्रवासी फ्रेडरिक कुक आणि त्याचे दोन इनुइट साथीदार, अहवेला आणि एटुकिशुक, यांनी १९०८-०९ चा अख्खा हिवाळा दगड-माती आणि व्हेलच्या हाडांच्या बुटक्या खोपटात काढला. कुक उत्तर ध्रुवावर पोचला होता की नाही यावर लोकांनी शंभर वर्षं वाद घातलाय आणि त्याचा दावा आता कुणी फारसं मानत नाही, पण तो हिवाळा निभावला तो त्या दोन पोरांच्या शिकारीच्या हुशारीवर, हे मात्र मला निर्विवाद वाटतं.

मंगळाचं विचारलं नाहीये तरी कुणीतरी काढणारच, म्हणून उरकून टाकतो. पठारावर हॉटन नावाचं उल्काविवर आहे, २० किलोमीटरहून थोडं जास्त रुंद. आपलं लोणार १.८ किलोमीटर, म्हणजे हॉटनमध्ये शंभरावर लोणारं सहज बसतील. वयावर शास्त्रज्ञांचं अजून पटत नाही, आधी २.३ कोटी वर्षं म्हणायचे, मग ३.९ कोटी, अलीकडे ३.१ कोटीच्या आसपास. आघातानं कडक नीस खडकसुद्धा सच्छिद्र झाला, वजनाला हलका, आणि आता त्या छिद्रांत सायनोबॅक्टेरिया राहतात. थंड, कोरडं, उघडं आणि वर विवर, म्हणून १९९७ पासून नासाच्या मदतीनं हॉटन-मार्स प्रोजेक्ट तिथे चालतो, २००० मध्ये मार्स सोसायटी या मंगळप्रेमींच्या संस्थेनं विवराच्या कडेला गोल दुमजली स्टेशन उभं केलं आणि २००७ मध्ये सात जण त्यात चार महिने मंगळावर असल्यासारखे राहिले. उपकरणं, रोव्हर, स्पेससूट यांच्या चाचणीसाठी जागा उत्तम, याबद्दल वाद नाही. पण वर्तमानपत्रात "पृथ्वीवरचा मंगळ" असं छापून येतं तेव्हा मला तो चिखल आठवतो. मला स्वतःला त्या विवराच्या तळातलं जुनं तळं जास्त ओढून घेतं. विवर पडल्यावर त्यात पाणी साचलं, गाळ बसला, आणि त्या गाळात २००७ मध्ये पुयिला डार्विनी सापडला, सीलचा नातेवाईक पण चार पायांवर चालणारा. २०२५ मध्ये त्याच गाळातल्या एका शिंग नसलेल्या गेंड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. गेंडा, डेव्हनवर! त्या काळी तिथे पाइन-बर्चचं जंगल होतं. लोणारचे आणि हॉटनचे दगड मी दोन्ही हातात घेतलेत, लोणारचा बेसॉल्ट तर मंगळ-चंद्रवाल्यांना रचनेच्या दृष्टीनं जास्त जवळचा, पण तिथे बुलढाण्याचं ऊन असतं त्यामुळे फोटो तसे येत नाहीत.

आता मूळ प्रश्न, माणसं. डेव्हनवर माणूस कधीच राहिला नाही असं मुळीच नाही. वायव्येच्या ग्रिनेल द्वीपकल्पावर पोर्ट रेफ्यूजला साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा आहेत, आणि बऱ्याच नंतरची थुले लोकांची, म्हणजे आजच्या इनुइटांच्या पूर्वजांची घरं ठिकठिकाणी आहेत, अर्धी जमिनीत, वर बोहेड व्हेलच्या जबड्याचे वासे. सगळी किनाऱ्यालगत. आत पठारावर घर बांधायला कुणी गेलंच नाही, कारण तिथे खायला काय? इनुइट लोकांची शेती, कुरण, बाजार सगळं समुद्र होता. आणि हिवाळ्यात समुद्रावरचा बर्फ हाच रस्ता. आपल्याला बर्फ म्हणजे अडथळा वाटतो, तिथे किनाऱ्याला घट्ट धरून बसलेला सपाट बर्फ म्हणजे एसटीचा डांबरी रस्ता, त्यावरून कुत्र्यांची गाडी जाते, त्यावर सीलची भोकं सापडतात, शेजारच्या वस्तीला जाता येतं. रस्ता पक्का असेल तिथे गाव टिकतं.

डेव्हनच्या दक्षिण किनाऱ्याला नेमका हाच रस्ता कच्चा. लँकेस्टर साउंडमध्ये प्रवाह जोराचे, पूर्वेकडे बर्फ सुटा राहतो, फुटतो, एकमेकांवर चढतो, हलतो. हे कागदावरून कळत नाही, आणि कॅनडा सरकारलाही कळलं नव्हतं. १९२४ मध्ये त्यांनी तिथे डंडस हार्बरला पोलीस चौकी काढली, हेतू एवढाच की हा मुलूख आमचा आहे हे परक्या व्हेलवाल्यांना दिसावं. चौकीत मूठभर पोलीस, आणि पहिल्या काही वर्षांतच दोन पोलिसांच्या कबरी. १९३३ मध्ये चौकी बंद केली. मग १९३४ मध्ये बॅफिन बेटावरच्या पन्नासेक इनुइट लोकांना जहाजात घालून इथे आणून सोडलं, कागदोपत्री शिकार चांगली मिळेल म्हणून. शिकार होती, पण तिच्यापर्यंत जाणार कसं? आइस कॅपवरून घसरत येणारा वारा आणि समोरचा ओबडधोबड हलता बर्फ, कुत्र्यांच्या गाड्या चालेनात. १९३६ मध्ये सगळ्यांना परत उचलावं लागलं. १९४५ ला चौकी पुन्हा उघडली, १९५१ ला कायमची मिटली. त्यानंतर या बेटावर कायमचं कुणी राहिलं नाही.

उरलेलं अर्धं उत्तर सरकारी आहे. रेझोल्यूटला गाव आहे कारण १९४७ मध्ये तिथे हवामान केंद्र आणि धावपट्टी झाली. १९५३ मध्ये सरकारनं क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुक्जुआकच्या इनुइट कुटुंबांना उचलून रेझोल्यूट आणि ग्रीस फियर्डला नेलं, तिथल्या महिनोन् महिन्यांच्या अंधाराची त्यांना कल्पनाही नव्हती, आणि त्याबद्दल २०१० मध्ये सरकारनं जाहीर माफी मागितली. म्हणजे या दोन गावांचे ठिपके नकाशावर आहेत ते हवामानानं ठरवलेले नाहीत, ऑफिसात ठरलेले आहेत. एकदा धावपट्टी, शाळा, वर्षातून एकदा येणारं मालाचं जहाज हे सगळं दोन जागी बसलं की तिसऱ्या जागी बसवायला कारण लागतं, आणि डेव्हनकडे ते कारण नाही. आणि "निर्मनुष्य" म्हणजे बेवारस असंही समजू नका, आजूबाजूच्या गावांतले लोक शिकारीसाठी इथे येतात, आणि २०१९ मध्ये भोवतालचा एक लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र संरक्षित करायचा करार झाला त्याला नावच तल्लुरुतिउप इमंगा, तल्लुरुतितभोवतीचं पाणी.

तापमान वाढल्यावर वस्ती होईल का, तर माझं उत्तर नाही, उलट अवघड होईल. दोन-चार अंश वाढले तरी फुटक्या डोलोमाइटची काळी माती होत नाही, त्याला हजारो वर्षं लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा अंधार पृथ्वीच्या कलामुळे आहे, तो तसाच राहणार. समुद्रावरचा बर्फ उशिरा बसतो आणि लवकर फुटतो म्हणजे वर म्हटला तो रस्ता अजून कच्चा. पर्माफ्रॉस्टमध्ये जिथे बर्फाचे थर आहेत तिथे ते सुटले की उतारच्या उतार खाली येतो, मी मोजायला लोखंडी सळ्या ठोकलेली एक जागा तीन वर्षांनी बघायला गेलो तर ती सळ्यांसकट ओढ्यात गेलेली. आणि हिवाळ्यात मध्येच पाऊस पडून बर्फावर काचेसारखा थर बसला की कॅरिबूंना, म्हणजे तिथल्या रेनडिअरना खालचं गवत मिळत नाही, १९९० च्या दशकात शेजारच्या बॅथर्स्ट बेटावर तसे कळपच्या कळप उपाशी मेले.

राहणं कसं असतं तेही विचारलंय. रेझोल्यूटहून ट्विन ऑटर विमान, जाड फुगीर टायरचं, जुन्या किनाऱ्याच्या गोट्यांवर उतरतं, हॉटनपर्यंत पाऊण-एक तास. धुकं आलं की नाही येत. एका वर्षी परतीच्या विमानाची सहा दिवस वाट बघितली, सामान रोज सकाळी बांधायचं आणि संध्याकाळी सोडायचं, शेवटी मेतकूट-भातावर आलो होतो आणि बरोबरच्या दोन कॅनेडियन पोरांनी मेतकुटाचा डबा माझ्याआधी संपवला. तंबूचे खिळे जमिनीत जात नाहीत म्हणून कडेला दगड ठेवतात, निघताना ते पांगवून टाकायचे असा आमचा नियम, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी पुरातत्त्व म्हणून मोजत बसेल. संडास बादलीत, बादली विमानातून परत. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी रेडिओवर हजेरी, तिला स्केड म्हणतात, आणि चुकली तर शोधाशोध सुरू होते. अस्वलासाठी बंदूक कायम जवळ, मी सात उन्हाळ्यांत पांढरं अस्वल दोनदाच बघितलं, दोन्ही वेळा लांबून, आणि दोन्ही वेळा त्यानं आम्हाला आधी बघितलेलं होतं.

स्वतः बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये नॉर्थवेस्ट पॅसेजच्या, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक-पॅसिफिक जोडणाऱ्या जलमार्गाच्या क्रूझ बोटी डंडस हार्बरला आणि नैऋत्य टोकाच्या बीची बेटावर थांबतात, हाच मार्ग शोधायला निघून नाहीशा झालेल्या ब्रिटिश फ्रँकलिन मोहिमेतल्या तीन जणांच्या १८४६ च्या कबरी तिथेच आहेत, १९८० च्या दशकात उघडल्या तेव्हा गोठलेल्या जमिनीनं चेहरेसुद्धा जसेच्या तसे ठेवले होते. खर्च ऐकून माघार घ्याल, मीही घेतली असती, मला कामानं नेलं म्हणून गेलो. विवरच बघायचं असेल तर डिसेंबरात सकाळी लवकर लोणारला जा, बूट चांगले घाला.